भाग २३ : शेत 'एनए' होतं म्हणजे नक्की काय होतं?

पुण्यातून सोलापूर रस्त्याने बाहेर पडा, सासवडच्या बाजूला जा किंवा नगर रस्ता धरा, एक बोर्ड तुमचा पिच्छा सोडत नाही. 'एनए प्लॉट. क्लिअर टायटल. रोड टच. सुलभ हप्ते.' एनए म्हणजे बिनशेती. आपण हा शब्द इतक्या सहज वापरतो, जणू जमिनीची जातच ती. पण जमीन तशी जन्माला येत नाही. आधी ती शेत असते. मग कोणीतरी अर्ज करतं, कोणीतरी तो तपासतं, आणि एका आदेशानंतर कालच्या ज्वारीच्या रानाची किंमत कितीतरी पटींनी वाढते.

आजचा भाग या अर्जाच्या इतिहासावर आहे. अर्ज तपासणारा माणूस नक्की काय तपासतो? गेल्या दीडशे वर्षांत हा प्रश्न कसकसा बदलत गेला? आणि त्याने काय विचारायचं राहून गेलं? मी पेशाने सॉफ्टवेअर इंजिनियर. रोज हडपसरला एका आयटी पार्कमध्ये कामाला जातो. त्या इमारतींच्या जागी माझ्या लहानपणापर्यंत मळे होते. त्यामुळे हा विषय माझ्यासाठी तसा ऑफिसच्या खिडकीबाहेरचाच आहे.

सुरुवात इंदापुरातून

गोष्ट सुरू होते १८२० च्या दशकात. पेशवाई संपली होती आणि कंपनी सरकारला दख्खनमधून शेतसारा हवा होता. रॉबर्ट कीथ प्रिंगल नावाच्या तरुण अधिकाऱ्याने पुणे भागाची पाहणी केली. त्याच्या डोक्यात रिकार्डोचा खंडसिद्धांत होता. खर्च वजा जाता निव्वळ उत्पन्न किती, ते काढायचं आणि त्याचा ठरावीक हिस्सा सरकारने घ्यायचा. कागदावर हिशेब सुरेख होता. प्रत्यक्षात दर इतके जड बसले की इंदापूर भागात लोकांनी जमिनी टाकून दिल्या.

मग गोल्डस्मिड आणि विंगेट या दोघांनी १८३५-३६ मध्ये इंदापूर तालुक्यातच नव्याने काम सुरू केलं. शेताचे तुकडे मोजले, त्यांना नंबर दिले, मातीचा रंग आणि खोली बघून प्रत ठरवली आणि तीस वर्षांसाठी आकार बांधून दिला. आपल्या बोलण्यातला 'सर्व्हे नंबर' या पद्धतीतून आला. १८४७ च्या संयुक्त अहवालाने ही पद्धत मुंबई इलाख्यात पक्की केली.

या पद्धतीत एक गृहीतक आहे, ते लक्षात ठेवा. आकार बांधला गेला तो *शेती* धरून. तीस वर्षांत विहीर खोदून तुम्ही जास्त पिकवलं तर तो फायदा तुमचा. पण त्याच शेतात तुम्ही कापसाची जिनिंग फॅक्टरी उभी केली तर? दर शेताचा आणि कमाई कारखान्याची! सरकारला हे परवडणार नव्हतं.

म्हणून १८७९ चा मुंबई जमीन महसूल कायदा आला. त्याच्या कलम ४८ ने सांगितलं की आकारणी जमिनीच्या वापरावर ठरेल : शेतीला एक, बांधकामाला दुसरी, इतर कामाला आणखी वेगळी. कलम ६५ ने सांगितलं की शेतजमीन दुसऱ्या कामाला वापरायची असेल तर कलेक्टरची परवानगी घ्या. परवानगी न घेता वापरली तर पुढच्या कलमात दंड होता आणि जमिनीवरून काढून टाकण्याची सोयही होती.

म्हणजे एनएचा जन्म महसुलाच्या चोपडीत झाला. कलेक्टरचा पहिला प्रश्न होता, 'आता सारा किती लावायचा?' गाव कसं वाढावं, पाणी कुठून येईल, हे त्या टेबलावर नव्हतं.

माझ्यासारख्याला या कलमात एक गंमत सापडली. कलेक्टरने तीन महिन्यांत उत्तर कळवलं नाही, तर परवानगी मिळाली असं समजायचं. आमच्या भाषेत सांगायचं तर रिक्वेस्ट टाइमआउट झाली की डीफॉल्ट उत्तर 'हो'. १९६६ च्या कायद्यातही ९० दिवसांच्या मुदतीने ही तरतूद टिकली. ज्या कार्यालयाचा मूळ प्रश्न साऱ्याचा, त्याला 'हो' म्हणण्यात तोटा कधीच नव्हता.

वाढलेली किंमत कोणाची?

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबई-पुणे वाढायला लागलं. प्लेगने दाटीवाटीची वस्ती काय करते ते दाखवलं होतं. १९१५ मध्ये मुंबई नगररचना कायदा आला, आणि त्यात एक नवाच विचार होता.

समजा, गावाबाहेर वेडेवाकडे पंचवीस-तीस शेतांचे तुकडे आहेत. प्रत्येकाने आपापलं विकलं तर रस्ते वाकडे, काही प्लॉटना वाटच नाही, शाळेला जागा नाही. नगररचना योजनेत काय करायचं? सगळे तुकडे कागदावर एकत्र घ्यायचे, रस्ते आणि सार्वजनिक जागा काढून घ्यायच्या आणि उरलेली जमीन नीट आखून मूळ मालकांना परत द्यायची. जमीन थोडी कमी मिळते, पण तिला रस्ता असतो आणि भाव असतो. पुण्यात शिवाजीनगरच्या जुन्या पत्त्यांमध्ये 'फायनल प्लॉट नंबर' दिसतो ना, तो या पद्धतीचा. शिवाजीनगर म्हणजे जुनं भांबुर्डा गाव. मालकाच्या हाती शेवटी आलेला तुकडा, म्हणून फायनल प्लॉट.

या कायद्यात आणखी एक तरतूद होती. योजनेमुळे जमिनीची किंमत जेवढी वाढेल, तिच्या जास्तीत जास्त निम्म्यापर्यंत रक्कम मालकाकडून योजनेच्या खर्चासाठी घेता येत असे. विचार सरळ आहे. भाव वाढला तो मालकाने नांगर जास्त चालवला म्हणून वाढलेला नाही. रस्ता आला, गटार आलं, नकाशाचा रंग बदलला, म्हणून वाढला. मग त्यातला काही भाग रस्त्याला आणि गटाराला जावा. ही तरतूद १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायद्यातही आली. पण नगररचना योजना करणं किचकट काम. मोजणी, लवाद, हरकती, वर्षानुवर्षं. त्यापेक्षा एकेका गटाचा अर्ज सुटासुटा मंजूर करणं सोपं. शहराभोवतीचा बराचसा पसारा या दुसऱ्या वाटेने वाढला.

कुळाची जमीन

मधल्या काळात जमिनीचा मालकच बदलत होता. १९४८ च्या कुळकायद्याने आणि १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनाने कसणाऱ्या कुळाला मालक केलं. याच कायद्याच्या कलम ६३ ने शेतजमीन बिगरशेतकऱ्याला विकायला बंदी घातली. म्हणून आजही शेत घ्यायला 'शेतकरी दाखला' लागतो. कुळकायद्याने मिळालेली किंवा वतन खालसा झाल्यावर मिळालेली बरीच जमीन सातबाऱ्यावर 'भोगवटादार वर्ग २' अशी लागली. ती परस्पर विकता येत नसे. सरकारची परवानगी आणि नजराणा, दोन्ही लागत असत.

१९५८ च्या कायद्याने महार वतनं खालसा झाली, त्या जमिनीही अशाच बंधनात आल्या. हेतू चांगला होता. गरिबाच्या हातून जमीन सावकाराकडे जाऊ नये. पण शहर जवळ आलं की या बंधनाचा दुसरा चेहरा दिसतो. शेजारच्या वर्ग १ च्या मालकाला पूर्ण भाव मिळतो. वर्ग २ च्या मालकाला परवानग्यांची दगदग झेपत नाही, म्हणून तो पडेल भावात साठेखत करून मोकळा होतो. फाईल पुढे सरकते ती घेणाऱ्याच्या ओळखीने आणि खर्चाने. एनएचा आदेश निघतो तेव्हा मूळ मालकाचा संबंध फक्त सहीपुरता उरलेला असतो.

कलम ४४ : प्रश्न मोठा, उत्तर छोटं

१५ ऑगस्ट १९६७ पासून महाराष्ट्र जमीन महसूल संहिता लागू झाली. तिचं कलम ४४ म्हणजे आपला एनएचा अर्ज. इथे नीट लिहिलेलं सापडतं की कलेक्टरने परवानगी कधी नाकारावी. सार्वजनिक आरोग्य, सुरक्षितता आणि सोय यांसाठी गरज असेल तर. गावाच्या किंवा शहराच्या नियोजनाच्या विरुद्ध असेल तर. आणि घरांसाठी जागा असेल, तर प्लॉटचा आकार, मांडणी आणि तिथे पोचायची वाट राहणाऱ्यांच्या आरोग्याला पुरेशी आहे का, तेही बघायचं.

खरं तर हा प्रश्न फार चांगला आहे. 'या जमिनीवर लोक राहायला आले तर त्यांचं आणि आसपासच्यांचं बरं होईल का?' असा तो आहे.

पण फाईल तुम्ही कधी हातात घेतली आहे का? तिच्यात असतं ते असं : सातबारा, फेरफार, मोजणीचा नकाशा, झोन दाखला, नगररचना खात्याचा अभिप्राय, तलाठ्याचा जागेचा अहवाल. रस्त्याच्या मध्यापासून अंतर सोडलंय का? वरून उच्चदाबाची तार जाते का? भूसंपादन चालू नाही ना? पाटबंधारे खात्याची हरकत नाही ना? यातली प्रत्येक गोष्ट गरजेची आहे. पण प्रत्येक खातं आपापल्यापुरतं 'हरकत नाही' लिहितं. सगळ्यांच्या 'हरकत नाही'ची बेरीज केली की ती 'लोकांच्या हिताचं आहे' अशी होत नाही. कोडमध्ये प्रत्येक युनिट टेस्ट पास व्हावी आणि सिस्टिम तरीही कोसळावी, तसं.

पाण्याचंच उदाहरण घ्या. खडकवासला धरण १८७० च्या दशकात बांधलं, शेतीसाठी आणि पुण्याच्या पिण्यासाठीही. त्याचा मुठा उजवा कालवा हडपसरवरून जातो. आज खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या चार धरणांचं पाणी पुणे शहर पितं, आणि त्याच पाण्याच्या आवर्तनाची वाट दौंड-इंदापूरचा शेतकरी बघत असतो. कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत दरवर्षी हा ताण दिसतो. आता हवेलीतलं एक एकर एनए झालं. तिथे पन्नास घरं आली, घरांना बारमाही पिण्याचं पाणी लागणार. त्या एका एकराच्या फाईलमध्ये इंदापूर कुठे आहे? कुठेच नाही. ज्या तालुक्यात सर्व्हे नंबर आखायला सुरुवात झाली, त्याच्या वाट्याचं पाणी वरच्या सर्व्हे नंबरांचा वापर बदलल्यामुळे कमी होतं. आणि हे तपासायला त्या अर्जात रकानाच नाही.

नकाशाचा रंग आणि मगरपट्टा

रंग बदलल्यावर नेहमी मालकाचा फायदाच होतो, असंही नाही. १९७६ मध्ये नागरी कमाल जमीन धारणा कायदा आला. पुण्यात एका व्यक्तीला मोकळी जागा ठेवायची मर्यादा होती १००० चौरस मीटर, म्हणजे दहा गुंठ्यांना थोडी कमी. वरची जमीन सरकारजमा. उत्पन्न नसलेल्या जागेला मोबदला चौरस मीटरला जास्तीत जास्त १० रुपये, आणि एकूण मोबदला दोन लाखांच्या वर नाही. शेतीखालची जमीन यातून सुटत असे. पण मेख अशी की शहराच्या आराखड्यात ती शेतीखेरीज दुसऱ्या कामासाठी दाखवली असेल, तर तुम्ही ऊस लावा नाहीतर मेथी, कायद्याच्या दृष्टीने ती शेती नव्हे.

१९८२ च्या पुण्याच्या आराखड्याच्या मसुद्यात हडपसरजवळचा मगरपट्टा 'भविष्यात नागरीकरण होणारं क्षेत्र' म्हणून दाखवला गेला. तिथल्या शेतकऱ्यांसमोर तीन वाटा होत्या. गप्प बसून जमीन कायद्याच्या कात्रीत जायची वाट बघायची. एकेकट्याने बिल्डरला विकून टाकायची, जसं चहूबाजूला चाललं होतं. किंवा तिसरी वाट, जी तोपर्यंत कोणी चालून पाहिली नव्हती.

सुमारे १२० कुटुंबांनी, बहुतेक मगर भावकीतल्याच, आपली मिळून चारशेहून अधिक एकर जमीन एकत्र ठेवायचं ठरवलं. पुढाकार सतीश मगर यांचा. १९९० च्या दशकात त्यांनी राज्य सरकारकडून टाउनशिपसाठी मान्यता मिळवली. कंपनी काढली आणि ज्याची जेवढी जमीन तेवढे त्याचे शेअर. २००० साली बांधकाम सुरू झालं. शेतकऱ्यांच्या मुलांना प्रशिक्षण देऊन बांधकामाची, साहित्य पुरवठ्याची, देखभालीची कामं दिली गेली. आयटी पार्क भाड्याने दिला, म्हणून विक्री संपल्यावरही उत्पन्न येत राहिलं.

मगरपट्ट्याचं कौतुक खूप झालंय, म्हणून उणी बाजूही सांगतो. सलग जमीन, एकच भावकी आणि सरकारदरबारी बोलू शकणारा शिकलेला पुढारी, या तिन्ही गोष्टी एका ठिकाणी क्वचितच जुळतात. ज्याच्या नावावर जमीन होती त्याला शेअर मिळाला. ज्या मजुरांनी ती कसली त्यांचं नाव सातबाऱ्यावर नव्हतं, त्यामुळे शेअरच्या हिशेबातही नव्हतं. तरीही एक गोष्ट तिथे सिद्ध झाली. शेताचं शहर होताना वाढलेली किंमत शेतकऱ्याकडे राहू शकते. त्याला त्या काळच्या कायद्याने मनाई नव्हती. फक्त कायद्याने ते कधी विचारलंही नव्हतं.

सातबाऱ्यावरच्या बहिणी

आता थोडं घरचं. माझ्या मामांची हवेली तालुक्यात सव्वा एकर जमीन आहे. आजोबांनंतर सातबाऱ्यावर मामांबरोबर माझ्या आईचं आणि मावशीचं नाव लागलं. वीस वर्षं त्याचा विषयही कोणी काढला नाही. मागच्या वर्षी बाजूच्या गटाला प्लॉटिंग सुरू झालं आणि मामांकडे एजंट यायला लागले. अर्ज करायचा तर आधी 'नावं कमी करून घ्या' असा सल्ला आला. म्हणजे हक्कसोडपत्र. मामा आईला म्हणाले, "ताई, ही रीतच आहे गं. तुला काही कमी पडू देणार आहे का मी?" मामा मनाने वाईट नाहीत. आईच्या प्रत्येक आजारपणात ते आधी धावत आलेत. आई मला म्हणाली, "जमीन मी मागत नाही रे. पण सही करायच्या आधी तिची किंमत किती होणार आहे, ते मला कोणीतरी सांगावं."

महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि केंद्राने २००५ मध्ये मुलींना वडिलोपार्जित जमिनीत बरोबरीचा हक्क दिला. पण शेत शेत असेपर्यंत बहिणीचं नाव कोणाला खुपत नाही. एनएचा वास आला की हक्कसोडपत्रं निघतात. चाळीस हजार गुंठा असलेल्या जमिनीवरचा हक्क सोडणं आणि तीच जमीन चार लाख गुंठा होणार असताना सोडणं, यांत फरक आहे. कागद दोन्हीकडे सारखाच. कलम ४४ ची चौकशी सुरू व्हायच्या आत हा निर्णय स्वयंपाकघरात झालेला असतो.

मग नाही म्हणायचं का?

नुसतं 'नाही' म्हणून शेती वाचत नाही, हेही इतिहास सांगतो. परवानगी अवघड आणि घराची गरज मोठी, अशा फटीतून गुंठेवारी आली. दोन गुंठे, स्टॅम्प पेपरवर खरेदी, ना रस्ता ना गटार. घेणारे होते रिक्षावाले, कंपनीतले कामगार, धुणीभांडी करणाऱ्या बायका. शेवटी २००१ मध्ये सरकारला गुंठेवारी नियमित करायचा कायदा करावा लागला. त्यात १ जानेवारी २००१ च्या आधीचे भूखंड धरले होते. २०२१ मध्ये ती तारीख ३१ डिसेंबर २०२० पर्यंत पुढे आली. नकाशावर शेत, जमिनीवर वस्ती. नकाराचं हे फळ.

दुसरीकडे २०१४ पासून संहितेत कलम ४२-अ आणि पुढे ४२-ब, ४२-क, ४२-ड अशी कलमं आली. विकास आराखडा मंजूर असलेल्या हद्दीत ठरलेल्या वापरासाठी कलेक्टरची वेगळी एनए परवानगी नको. गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आतल्या जमिनीला राहण्यासाठी सवलत. अनेकांची वर्षं वाचली, टेबलाखालचे व्यवहार कमी व्हायला वाव मिळाला. हे चांगलंच झालं. पण त्याचा अर्थ असा की तपासणी आता अर्जाच्या वेळी होत नाही. ती आराखडा बनतो तेव्हाच होते. तेव्हा कोणी विचारलं नाही, तर नंतर विचारायला कोणी बसलेलंच नाही.

म्हणून मला वाटतं की शेताचा रंग बदलायची मागणी तपासताना साऱ्याचा आणि ना-हरकतींचा हिशेब झाल्यावर तीन प्रश्न उरतात, आणि ते विचारल्याशिवाय फाईल पुरी होत नाही. वाढलेली किंमत कोणाकोणाकडे जाणार? पाणी कोणाच्या वाट्यातून येणार? आणि कागदावर नाव नसलेल्यांचं, किंवा नाव 'कमी केलेल्यां'चं, काय होणार? १९१५ च्या कायद्याने पहिल्या प्रश्नाचं अर्धं उत्तर दिलं होतं. मगरपट्ट्याने दुसरं अर्धं. बाकीचे दोन प्रश्न अजून तसेच पडून आहेत.

जाता जाता एक कामाची गोष्ट. मंजूर विकास आराखड्यात फेरबदल करायचा असेल तर नगररचना कायद्याच्या कलम ३७ खाली राजपत्रात जाहीर नोटीस काढावी लागते, आणि तिच्या तारखेपासून एका महिन्याच्या आत हरकत किंवा सूचना देता येते. कोण देऊ शकतं? 'कोणतीही व्यक्ती'. जमीन तुमच्या नावावर असायची गरज नाही. तुम्ही कालव्याच्या शेपटाला राहत असाल तरी चालतं. सातबाऱ्यावर कधीच नाव न लागलेला मजूर असाल, तरीही. नोटीस वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर बारीक अक्षरात येते. ती वाचायची सवय लावून घ्या.

आजच्या भागात एवढंच. तुमच्या गावच्या एनएची, टीपी स्कीमची किंवा गुंठेवारीची गोष्ट असेल तर नक्की कळवा. पुढच्या भागात गुंठेवारीवरच सविस्तर बोलू. तोपर्यंत, काळजी घ्या, ऐकत राहा.